झाडाखालची ठेव : मुळे, बुरशी आणि मातीतला कार्बन



या अंकातला विज्ञानाचा पाठ आम्ही मुद्दाम जरा मोठा घेतला आहे. त्याचा संबंध परीक्षेशी आहेच, पण त्याहून अधिक तो आपल्या शाळेच्या अंगणाशी आहे. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, मुलांचे बूट-मोजे खराब होतात, लहान मुले घसरून पडतात. म्हणून संपूर्ण अंगणात पेवर ब्लॉक बसवावेत अशी सूचना काही पालकांनी केली आहे आणि ती विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे आहे. सूचना चांगल्या हेतूने आलेली आहे. परंतु निर्णय घेण्याआधी अंगणातला कडुनिंब, आंबा आणि पिंपळ यांच्या खाली, जमिनीच्या आत काय चालले आहे ते सर्वांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. पाठ वाचून झाल्यावर अंगणाचा विचार आपण शेवटी करू.

झाडाचा कार्बन जातो कुठे?

"झाडे लावा" असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ५ जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'एक पेड़ माँ के नाम' या मोहिमेत देशभर मुलांनी रोपे लावली. झाडे का लावायची असे वर्गात विचारले की उत्तर येते, झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि आपल्या खोडात साठवते. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे.

पानांमध्ये सूर्यप्रकाशाच्या मदतीने साखर तयार होते. त्या साखरेतला कार्बन हवेतून आलेला असतो. साखरेचा काही भाग झाड श्वसनासाठी खर्च करते, काही भागापासून पाने, फांद्या, खोड आणि फळे बनतात, आणि बराच मोठा भाग खाली मुळांकडे जातो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याचा हिशेब धरत नाही.

आता आकडे पाहा. जगातील सर्व झाडाझुडपांमध्ये मिळून सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे. हवेत सुमारे ९०० अब्ज टन आहे. आणि जमिनीच्या वरच्या फक्त १ मीटर थरात सेंद्रिय रूपातला कार्बन सुमारे १,५०० अब्ज टन आहे. म्हणजे हवा आणि वनस्पती या दोन्हींमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे, जवळजवळ तेवढा एकट्या मातीच्या वरच्या थरात आहे. हा साठा तिथे कसा पोहोचला आणि कशामुळे टिकला, हाच आजचा पाठ आहे.

मुळाचा सोबती

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या वेळी पुस्तकात 'कवकमूल' असा एक शब्द होता आणि दोन ओळींत विषय संपत असे. कवक म्हणजे बुरशी, आपली मुले शेजारच्या मित्रांशी बोलताना जिला फफूंद म्हणतात ती. मूल म्हणजे मूळ. बुरशी आणि मूळ यांची जोडी म्हणून कवकमूल. आज शेतीच्या दुकानात हीच गोष्ट 'मायकोरायझा' या नावाने पुड्यांत विकली जाते. हे नाव १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी दिले. जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या अळिंबीची लागवड करता येईल का, हे शोधत असताना त्यांना दिसले की झाडाच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण आहे आणि तरीही झाड रोगी नाही, चांगले निरोगी आहे.

बुरशी म्हटले की आपल्याला शिळी पोळी किंवा पावसाळ्यातले लोणचे आठवते. पण सगळ्या बुरशी नासाडी करणाऱ्या नसतात. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती, म्हणजे दहापैकी आठ-नऊ जाती, मुळांमध्ये अशा मित्र-बुरशीला आसरा देतात. ही मैत्री फार जुनी आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती, तरी त्यांच्या पेशींमध्ये ही बुरशी होती. मुळे तयार होण्याआधीपासून ही सोबत आहे.

या बुरशीचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार मुळाच्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथे छोट्या झाडासारख्या फांद्या पसरतो. साग, बांबू, कडुनिंब, आंबा, वड, पिंपळ, तसेच गहू, सोयाबीन, तूर, हरभरा या सर्वांच्या मुळांत हाच प्रकार असतो. जमिनीवर त्याची छत्री उगवत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाशिवाय तो दिसत नाही.

दुसरा प्रकार पेशींच्या आत न शिरता मुळाच्या टोकावर मोज्यासारखे आवरण चढवतो. आपल्याकडे त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे साल वृक्ष. पहिल्या पावसानंतर सालाच्या जंगलात जमिनीतून छोटे गोल गोळे निघतात. बस्तरमध्ये त्यांना बोडा म्हणतात, झारखंडात रुगडा. बाजारात ते चढ्या भावाने विकले जातात. हा बोडा म्हणजे सालाच्या मुळावर राहणाऱ्या बुरशीचे फळच आहे. साल तोडला तर बोडा मिळत नाही, हे तिथल्या गावकऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत असते. पचमढीच्या सहलीला जाल तेव्हा लक्ष द्या. पठारावर सालाचे जंगल आहे आणि आसपासच्या डोंगरांत सागाचे. पाने पाहून झाडे ओळखता येतात, पण मातीखालची त्यांची सोबतही वेगळी आहे.

अपवादही सांगायला हवेत. मोहरी, कोबी, मुळा या कुळातील वनस्पती सहसा अशी मैत्री करत नाहीत. परीक्षेत "सर्व वनस्पती" असे लिहाल तर गुण जातील.

देवाणघेवाण

ही मैत्री फुकटची नाही. बुरशीला पाने नाहीत, तिला साखर बनवता येत नाही. ती साखर आणि स्निग्ध पदार्थ झाड देते. झाड स्वतः तयार केलेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के भाग या सोबत्याला देते असे वेगवेगळ्या प्रयोगांत आढळले आहे.

बदल्यात झाडाला काय मिळते? आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. बुरशीचा तंतू २ ते १० मायक्रॉनचा. जिथे बारीकातले बारीक मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटीत तो सहज जातो. एक ग्रॅम मातीत असे कित्येक मीटर तंतू असू शकतात. हे तंतू दूरवरून फॉस्फरस, जस्त आणि थोडे पाणी आणून मुळाला देतात. माळव्यातल्या आपल्या काळ्या मातीत फॉस्फरस असतो, पण चुन्याशी बांधला गेल्यामुळे पिकाला लवकर मिळत नाही. तिथे ही बुरशी फार उपयोगी पडते.

ज्या पालकांची सीहोर, विदिशा किंवा रायसेनकडे शेती आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. डीएपीसारखे फॉस्फरसचे खत गरजेपेक्षा जास्त दिले तर पिकाला बुरशीची गरज उरत नाही आणि मुळांतील तिचे प्रमाण घटते. वारंवार खोल नांगरणीने तंतूंचे जाळे तुटते. नरवाई जाळल्याने जमिनीचा वरचा थर तापतो आणि मातीला मिळू शकणारा काडीकचरा हवेत जातो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत या बुरशीवर आणि नांगरणीच्या परिणामावर पुष्कळ काम झालेले आहे.

कार्बन मातीत टिकतो कसा?

झाडाने बुरशीला साखर दिली म्हणजे कार्बन मातीत कायमचा साठला असे नाही. बुरशीही श्वसन करते आणि त्यातला बराच कार्बन पुन्हा हवेत जातो. बँकेत पैसा आला म्हणजे तो मुदत ठेवीत गेला असे होत नाही, तसेच हे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा की जगातील वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन या बुरशीच्या तंतूंना देतात. कोळसा, तेल व गॅस जाळून जगात दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्याच्या एक तृतीयांशाहून हे प्रमाण थोडे अधिक आहे. पण ही जमा आहे, शिल्लक नव्हे. शिल्लक किती राहते ते पुढील चार गोष्टींवर ठरते.

१) मेलेले तंतू. तंतू काही दिवस ते काही आठवडे जगतात आणि मरतात. त्यांच्या भिंतींचे अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात. तिथे जीवाणूंना ते सहज खाता येत नाहीत. मातीतल्या टिकाऊ कार्बनचा मोठा भाग अशा मेलेल्या सूक्ष्मजीवांपासूनच बनलेला असतो.

२) मातीचे खडे. तंतू आणि त्यांच्यातून निघणारे चिकट पदार्थ मातीच्या कणांना बांधून छोटे-छोटे खडे बनवतात, जसे लाडू वळताना तूप रव्याला धरून ठेवते. खड्याच्या आत सापडलेला सेंद्रिय कार्बन सुरक्षित राहतो. खडा फुटला की तो उघडा पडतो.

३) बारीक मुळे. झाडाची बारीक मुळेही सतत मरतात आणि नवी येतात. पानांचा कचरा जमिनीच्या वर पडतो, पण मुळांचा कचरा थेट जमिनीच्या आत तयार होतो. म्हणून मातीत टिकण्याची संधी त्याला जास्त असते.

४) शांतता. नांगर, फावडे, रोलर, आग आणि उघड्यावर पडणारे ऊन यांपासून माती जितकी दूर, तितका साठा जास्त काळ टिकतो.

२०१३ साली स्वीडनमधील जंगली बेटांवरच्या अभ्यासात असे दिसले की तिथल्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के कार्बन पानांच्या कचऱ्यातून नव्हे, तर मुळे आणि मुळांवरच्या बुरशीतून आला होता. तो थंड प्रदेश आहे. आपल्याकडे ऊन आणि पाऊस दोन्ही जास्त, त्यामुळे कुजण्याचा वेग जास्त. ते प्रमाण जसेच्या तसे भोपाळला लावता येणार नाही. पण मुळांचा वाटा मोठा असतो ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

इथे सावधगिरीचे दोन शब्द. बुरशीच्या तंतूंतून झाडे एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिलांना अन्न पाठवते, अशा गोष्टी अलीकडे फार ऐकू येतात. १९९७ साली कॅनडातील जंगलात एका झाडातला कार्बन दुसऱ्या झाडात पोहोचल्याचे प्रयोगात आढळले होते, हे खरे. पण २०२३ साली तीन संशोधकांनी सर्व पुरावे पुन्हा तपासले आणि जंगलातल्या झाडांबद्दल जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे अजून सिद्ध झालेले नाही असे दाखवून दिले. तसेच मातीचे कण जोडणारा 'ग्लोमालिन' नावाचा पदार्थ १९९६ साली अमेरिकेत वर्णिला गेला. तो नेमका काय आहे आणि सगळा बुरशीचाच आहे का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सुंदर गोष्ट आणि सिद्ध गोष्ट यांतला फरक ओळखायला शिकावे.

गुमगावचा डोंगर

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक नागपूरकडे आहेत. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. आपल्या बालाघाटच्या मँगनीज खाणी ज्या मॉइल कंपनीच्या आहेत, तिचीच ही खाण. खनिज काढताना वरचे दगड-माती बाजूला टाकतात आणि त्याचे डोंगर उभे राहतात. या ढिगाऱ्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतो, नायट्रोजन नसतो, पाणी धरत नाही, शिवाय धातूंचे प्रमाण जास्त. त्यावर गवतही नीट उगवत नाही.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'नीरी', १९५८ साली स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी या ढिगाऱ्यावर झाडे लावायचे ठरवले. नुसते खड्डे खणून रोपे लावली असती तर ती जगली नसती. म्हणून त्यांनी साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड यासारखा सेंद्रिय माल ढिगाऱ्यात मिसळला आणि रोपांच्या मुळाशी मित्र-बुरशी व नायट्रोजन स्थिर करणारे जीवाणू दिले. साग, कडुनिंब, शिसव अशी झाडे त्यावर वाढली. पुढे या संशोधकांनी त्या जमिनीत आणि झाडांत किती कार्बन साठला याचा अभ्यास केला आणि तो २०१० साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. आशा जुवारकर यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

गुमगावपासून शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला आशेचा. मेलेल्या ढिगाऱ्यालाही पुन्हा मातीचे रूप देता येते, पण त्यासाठी फक्त रोप पुरत नाही, मुळाचा सोबतीही द्यावा लागतो. दुसरा धडा किमतीचा. बुरशी, जीवाणू आणि सेंद्रिय पदार्थ असलेली माती एकदा गेली की ती परत बनवायला एक राष्ट्रीय संस्था, ट्रक भरभरून खत आणि कित्येक वर्षे लागतात. जी माती आपल्या अंगणात आयती आहे तिचे मोल यावरून समजावे.

आपल्या परंपरेतले भान

महाराष्ट्रातल्या देवराया तुम्ही ऐकल्या असतील. सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेल्या या वनांचा वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पद्धतशीर अभ्यास केला. अनेक देवरायांत झाड तोडणे तर दूरच, वाळलेली काटकी आणि पडलेले पानही नेत नसत. बुरशीचे विज्ञान तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, पण नियम असा पडला की माती हलली नाही.

आपल्या घरातल्या माता-भगिनी ज्येष्ठ पौर्णिमेला वटपौर्णिमा करतात, शेजारच्या भगिनी त्याच्या पंधरा दिवस आधी अमावस्येला वटसावित्री करतात. दोघींचा वड एकच असतो. त्याच्या बुंध्याला आपण सूत गुंडाळतो आणि बुंध्याभोवती सिमेंटचा ओटाही आपणच बांधतो. ओटा जरूर बांधावा, बसायला सोय होते, पण बुंध्याशी मातीला श्वास घेण्यापुरती जागा सोडावी.

भोपाळच्या रहिवाशांना आणखी एक घटना आठवत असेल. जून २०२४ मध्ये शिवाजीनगर आणि तुळशीनगर भागातली हजारो झाडे काढून लोकप्रतिनिधींसाठी घरे बांधण्याचा प्रस्ताव होता. नागरिकांनी झाडांभोवती उभे राहून विरोध केला आणि सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. अशा वेळी "तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे तेवढीच लावू" असे म्हटले जाते. आजचा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्यांना उत्तर देता यावे. रोप बदल्यात देता येते, पन्नास वर्षांची माती बदल्यात देता येत नाही.

आपण भाग्यवान आहोत की या विषयाच्या दोन मोठ्या संस्था आपल्याच शहरात आहेत. भारतीय वन प्रबंध संस्थान, स्थापना १९८२, आपल्या कोटऱ्याला लागून नेहरूनगरच्या टेकडीवर आहे. भारतीय मृदा विज्ञान संस्थान, स्थापना १९८८, बैरसिया रोडवर नबीबाग येथे आहे. ज्यांना दहावी-बारावीनंतर काय करावे हा प्रश्न पडतो, त्यांनी ही नावे वहीत लिहून ठेवावीत. डॉक्टर-इंजिनिअरशिवाय मातीचा डॉक्टरही होता येते.

हिशेब करून पाहू

आता थोडे गणित. १ हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन साधारण २,००० टन धरतात. तिच्यातला सेंद्रिय कार्बन फक्त ०.१ टक्क्याने वाढला तर—

२,००० टन × ०.१ ÷ १०० = २ टन कार्बन

कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे तर ४४ ने गुणून १२ ने भागायचे—

२ × ४४ ÷ १२ = सुमारे ७.३ टन कार्बन डायऑक्साइड

१ लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ७.३ टन म्हणजे जवळपास ३,२०० लिटर पेट्रोल.

अंगणाचा झाडांखालचा भाग १,००० चौरस मीटर धरला, तर तो १ हेक्टरचा दहावा हिस्सा. उत्तर येते सुमारे ३२० लिटर पेट्रोल. याने जगाचे तापमान उतरणार नाही, हे स्पष्टच सांगतो. पण हा फक्त एक दशांश टक्क्याचा हिशेब आहे, आणि ही ठेव झाडे विनामूल्य जमा करत आहेत.

शेतकरी पालकांनी आपले मृदा आरोग्य कार्ड काढून पाहावे. ही योजना २०१५ साली सुरू झाली. त्यात सेंद्रिय कार्बनचा आकडा असतो. ०.५ टक्क्यांहून कमी म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्याहून वर म्हणजे चांगला. तो आकडा मुलांना दाखवा आणि वरचे गणित त्यांच्याकडून करून घ्या.

करून पाहा

प्रयोग १. चहाच्या दोन गाळण्या घ्या. एकीत कडुनिंबाखालची वाळलेल्या मातीची चार-पाच वाटाण्याएवढी ढेकळे ठेवा, दुसरीत रोज पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या वाटेवरची. दोन्ही गाळण्या पाण्याने भरलेल्या पेल्यांत अलगद बुडवा. पाच मिनिटांनी कोणती ढेकळे शाबूत आहेत आणि कोणते पाणी गढूळ झाले ते लिहा.

प्रयोग २. चार इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा सहा इंच लांब तुकडा घ्या. जमिनीत एक इंच दाबून बसवा. त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि जिरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर पाहा. झाडाखाली, वाटेवर आणि खेळाच्या मैदानावर, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा करा आणि सरासरी काढा.

एक सूचना. ओल्या पालापाचोळ्याखाली पांढरे धागे दिसले तर ते पाहा, पण ती बहुधा पाने कुजवणारी दुसरी बुरशी असते. मुळाची मित्र-बुरशी पाहायला सूक्ष्मदर्शक आणि रंग लागतो.

आपल्या अंगणाचे काय?

पेवर ब्लॉक बसवण्याआधी वरची माती सहा-आठ इंच खणून काढतात, मुरूम आणि गिट्टी पसरतात आणि रोलर फिरवतात. झाडाची बहुतेक बारीक मुळे आणि त्यांची बुरशी नेमकी वरच्या फूटभर थरात असते. म्हणजे ज्या थराबद्दल हा पाठ आहे तोच थर ट्रॉलीत भरून बाहेर जाईल. उरलेली माती दाबली जाईल, तिला हवा आणि पाणी कमी मिळेल. झाडे लगेच वाळणार नाहीत, पण हळूहळू अशक्त होतील आणि एखाद्या वादळात पडतील. दिल्लीत असाच प्रश्न आला तेव्हा राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ साली झाडांच्या बुंध्याभोवती १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

दुसरीकडे, चिखलाची तक्रारही खरी आहे. पहिलीतले मूल घसरून पडते तेव्हा त्याच्या आईला आम्ही बुरशीचे महत्त्व सांगत बसू शकत नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही नम्रपणे असे मांडतो :

• फाटकापासून पायऱ्यांपर्यंत आणि तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत जाण्या-येण्याच्या वाटेवरच ब्लॉक बसवावेत. चिखलाचा त्रास मुख्यतः तिथेच आहे.

• झाडांच्या फांद्या जिथपर्यंत पसरल्या आहेत तिथपर्यंत शक्यतो खोदू नये. वाट झाडाखालूनच न्यावी लागली तर माती न खणता वर सुट्या फरश्या ठेवाव्यात. बुंध्याभोवती निदान २ मीटर माती मोकळी राहावी.

• माघ-फाल्गुनात गळणारी पाने जाळू नयेत. अर्धी झाडाखालीच राहू द्यावीत आणि उरलेली मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात खत बनवावे. उघड्यावर कचरा जाळण्यावर २०१६ पासून हरित अधिकरणाची बंदी आहे, त्यामुळे हा नियमाचाही भाग आहे.

• आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी वरचे दोन्ही प्रयोग करून त्याचे तक्ते बैठकीआधी कार्यालयात द्यावेत. मंडळाने आमच्या शब्दापेक्षा मुलांच्या आकड्यांवर निर्णय घ्यावा, ही विनंती.

आकडे आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी ते तसेच बैठकीत ठेवले जातील. विज्ञानाचा पाठ शिकवायचा तर तो आधी आपण पाळायला हवा.

स्वाध्याय

१) साल आणि साग यांच्या मुळांतील बुरशीत काय फरक आहे?
२) झाडाने बुरशीला दिलेला सर्व कार्बन मातीत का टिकत नाही?
३) गुमगावच्या ढिगाऱ्यावर नुसती रोपे लावून का भागले नसते?
४) तुमच्या घराच्या अंगणात किंवा गल्लीत सिमेंटने वेढलेली किती झाडे आहेत? मोजा आणि नकाशा काढा.
५) घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी गळलेल्या पानांचे काय करत असत?

उत्तरे सुवाच्य अक्षरात लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. प्रयोगांचे चांगले तक्ते पुढील अंकात छापले जातील. पालकांनी अंगणाविषयी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, लेखी कळवावे. बैठकीत प्रत्येक पत्र वाचून दाखवले जाईल.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य